रुग्णनोंदींची बॅकअप हार्डडिस्क बिघडते तेव्हा

भेलसंहिता हा आत्रेय संप्रदायातील ग्रंथ. अग्निवेश आणि भेल हे एकाच गुरूचे शिष्य. असे असूनही अग्निवेशाचे तंत्र चरकसंहितेच्या रूपाने आपल्या नित्य पठणात राहिले आणि भेलाचे तंत्र मात्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील तेलुगू लिपीतील एका हस्तलिखिताच्या आधाराने कसेबसे तरले. कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली ते मुद्रित केले. मूळ प्रत जागोजागी खंडित होती, आणि जेथे अखंड होती तेथेही पाठ अनेकदा भ्रष्ट होता. ताडून पाहण्यासाठी दुसरी पूर्ण प्रत नसल्यामुळे संपादकांचे हात बांधले गेले. १९३८ साली निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या काश्यपसंहितेची स्थितीही नेपाळातील खंडित ताडपत्रांमुळे अशीच आहे.

याउलट उदाहरण आमच्या वाशीम जिल्ह्यातच आहे. कारंजा (लाड) येथील जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांत शेकडो वर्षे पोथ्या जतन झाल्या. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी ‘जसहरचरिउ’ आणि पुढे १९३३ व १९३४ साली डॉ. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ व ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रकाशात आणले. पोथीसंपादनाची रीत अशी, की एका प्रतीत गळलेले अक्षर दुसऱ्या प्रतीत शोधावयाचे आणि दोन्ही प्रतींत वेगळे असेल तर तिसरी पाहावयाची. अनेक प्रती असल्या तरच ही रीत चालते.

हे सर्व एका वैद्यक त्रैमासिकात संगणकाच्या विषयाआधी सांगण्याचे कारण असे, की आपल्यापैकी बहुतेकांच्या रुग्णनोंदी, कुष्ठ आणि दुष्टव्रण यांची उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, पंचकर्माची पत्रके, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध, ज्येष्ठ वैद्यांच्या व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण हे सगळे आज टेबलाच्या खणातील एका काळ्या डबीत आहे. ती डबी म्हणजे बाह्य हार्डडिस्क. ‘बॅकअप घेतला आहे’ असे आपण समाधानाने म्हणतो. परंतु संगणकातील मूळ फाईल पुसून टाकून ती केवळ या डबीत ठेवली असेल, तर तो बॅकअप नव्हे. ती तंजावरची एकमेव प्रत होय. आणि एके दिवशी ती उघडत नाही.

अशा वेळी काय करावे, याविषयी व्यवसायबंधूंकडून आम्हांस वारंवार विचारणा होते. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. तथापि गेली अनेक वर्षे स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या डिस्क हाताळताना जे पडताळून पाहता आले, ते येथे मांडतो.

सर्वप्रथम एक पथ्य. फाईल उघडत नाही असे लक्षात येताच त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. कॉपी करू नये, नाव बदलू नये, कोणतेही ‘रिकव्हरी’ सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नये. पुसली गेलेली फाईल प्रत्यक्षात लगेच नाहीशी होत नाही, केवळ तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवे लेखन झाले की मात्र ती कायमची जाते. बिघाडापेक्षा बिघाडानंतरच्या घाईने झालेले नुकसान आम्ही अधिक पाहिले आहे.

विंडोज कधी कधी स्वतःच कुपथ्य सुचवते. डिस्क जोडताच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशा आशयाची चौकट येते आणि ‘फॉरमॅट’ हे बटण हाताशी असते. त्याचा अर्थ इतकाच, की संगणकाला डिस्कवरील अनुक्रमणिका वाचता आलेली नाही. अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणून ग्रंथ कोरा झाला असे होत नाही. येथे निःसंशय ‘कॅन्सल’ दाबावे.

आता निदान. काही तक्रारी व्याधी नसून व्याधीचा आभास असतात, आणि आमच्या भागात त्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. पंधरावीस वर्षांपूर्वी आपण सर्वांनी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या ‘सुरेख’, ‘योगेश’ यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित केला. या जुन्या पद्धतीत फाईलमध्ये देवनागरी अक्षर साठवले जातच नसे. साठवली जात ती रोमन अक्षरे व चिन्हे, आणि त्यांवर फॉन्ट देवनागरीचा मुखवटा चढवी. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा अर्थहीन सडा दिसतो. ‘फाईल करप्ट झाली’ म्हणून रिसोड व मंगरुळपीर भागातील स्नेह्यांनी आमच्याकडे पाठविलेल्या फाईलींपैकी कित्येक अशाच निघाल्या. फाईल पूर्ण निरोगी, फॉन्ट मात्र नाही. तो फॉन्ट उतरवावा, मजकूर दिसू लागताच परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. परिवर्तनात रफार, अर्धी अक्षरे व पहिली वेलांटी चुकण्याचा संभव असतो. औषधांची मात्रा व आकडे यांवरून तर एकदा डोळ्यांनी हात फिरवलाच पाहिजे.

दुसरा आभास म्हणजे ‘शॉर्टकट’ व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हमार्फत तो शिरतो. सर्व फोल्डर एकाएकी एखाद-दोन केबीचे दिसू लागतात, त्यांवर लहानसा बाण उमटतो, आणि उघडू जाता काहीतरी भलतेच घडते. खरे फोल्डर तेथेच असतात, केवळ लपविलेले असतात. डिस्कचा वापरलेला आकार पाहावा. चारशे जीबी भरलेली दिसते आणि फोल्डर मात्र रिकामे, तर बहुधा हेच निदान. स्वच्छ संगणकावर अँटिव्हायरस चालवून नंतर ‘अॅट्रिब’ या आज्ञेने लपविण्याचे गुणधर्म काढले की सर्व पूर्ववत् दिसते. या बाणांवर दोनदा टिचकी मारून पाहण्याचा मोह टाळावा.

आभास वगळल्यानंतर उपशयाचा मार्ग धरावा. निदान गूढ असेल तेथे आपण एखादे द्रव्य देऊन परिणामावरून व्याधी ओळखतो, तसेच येथे. पहिला प्रयोग केबलचा. लहान आकाराची बाह्य डिस्क स्वतंत्र वीजजोडणीवाचून यूएसबी केबलमधूनच वीज घेते. यूएसबी २.० चे भोक ५०० मिलिअँपिअर देते, ३.० चे ९००. डिस्कची तबकडी फिरण्यास आरंभ होताना सर्वाधिक वीज लागते. केबल जुनी, सैल किंवा लांब असेल, वा टेबलावरील संगणकाच्या पुढच्या भोकात ती खोचली असेल, तर वीज अपुरी पडून डिस्क मध्येच बंद पडते, पुन्हा चालू होते आणि लेखन अर्धवट राहते. म्हणून दुसरी आखूड केबल, मागील बाजूचे भोक, आणि शक्य तर दुसरा संगणक, एवढे तीन बदल एकेक करून पाहावेत. आमच्या अनुभवात ‘डिस्क गेली’ म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच या एवढ्या उपचाराने उठून बसल्या.

केबल निर्दोष असेल तर प्रश्न उरतो तो असा, की बिघाड लिखाणात आहे की शरीरात? फाईल पद्धतीची अनुक्रमणिका विस्कटणे हा लिखाणातील दोष. तबकडीवरील जागा निकामी होणे अथवा वाचकशीर्ष बिघडणे हा शरीरातील दोष. हा भेद केल्याविना चिकित्सेला हात घालणे म्हणजे आम-निराम न पाहता स्नेहपान देणे होय. शरीर पाहण्यासाठी डिस्कच्या आतच ‘स्मार्ट’ नावाची स्वयंनोंद असते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे विनामूल्य साधन ती दाखवते, मात्र काही डब्यांमधील जोडपट्टी ही माहिती बाहेर येऊ देत नाही. त्या तक्त्यातील ‘रीअॅलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ या दोन ओळी पाहाव्यात. पहिली, किती निकामी जागांच्या बदली राखीव जागा वापराव्या लागल्या ते सांगते. दुसरी, किती जागा वाचता न आल्यामुळे संशयित म्हणून अडकून आहेत ते. दोन्ही शून्य असतील तर शरीर बहुधा धडधाकट. दुसरी ओळ दिवसागणिक वाढत असेल तर व्याधी वेगाने पसरत आहे असे समजावे.

कानांचाही उपयोग करावा. नियमित अंतराने ‘टक्, टक्’ असा आवाज येणे हे गंभीर लक्षण आहे. अपुऱ्या विजेनेही तसा आवाज येऊ शकतो, म्हणून केबल बदलून एकदाच पाहावे. आवाज कायम असेल तर त्याच क्षणी डिस्क काढून ठेवावी. वाचकशीर्ष तबकडीपासून अवघे काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ते टेकले तर प्रत्येक फेऱ्यागणिक तबकडीवरील थर खरवडला जातो. अशी डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जो घरगुती उपाय सांगितला जातो, त्याने आत दव धरते व उरलीसुरली आशाही जाते. घरी डबी उघडणे तर सर्वथा वर्ज्य. धुळीचा एक कण त्या अंतराच्या मानाने डोंगराएवढा असतो, आणि आमच्या काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात धूळ कोठे नसते?

निदानानंतर साध्यासाध्यता ठरवावी. शरीर निरोगी आणि केवळ अनुक्रमणिका विस्कटलेली असेल तर सुखसाध्य. संशयित जागा आहेत, परंतु डिस्क अजून ओळखली जाते, तर कृच्छ्रसाध्य. आवाज करणारी, मुळीच न फिरणारी अथवा पडलेली डिस्क आपल्यासाठी प्रत्याख्येय, ती मोठ्या शहरातील धूलिविरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडेच पाठवावी. असे काम खर्चिक असते, म्हणून त्या डिस्कवर नेमके काय आहे व त्याचे मोल किती, हे आधी कागदावर मांडावे.

सुखसाध्य अवस्थेत बहुतेक जण विंडोजची ‘चेकडिस्क’ ही आज्ञा चालवतात. ती उपयुक्त आहे, पण तिचे उद्दिष्ट समजून घ्यावे. अनुक्रमणिका सुसंगत करणे हे तिचे काम. आपल्या फाईल वाचविणे हे तिचे काम नव्हे. अनाथ तुकडे सापडले तर ती ते ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ प्रत्ययाच्या फाईलींत टाकते, नावे जातात. आणि संशयित जागा असलेल्या डिस्कवर निकामी जागा शोधण्याच्या ‘आर’ या पर्यायासह ती चालविणे म्हणजे क्षीण रुग्णाला तीक्ष्ण विरेचन देणे. म्हणून आमचा आग्रह असा, की डिस्कची आधी संपूर्ण प्रतिमा उतरवून घ्यावी व पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यावी.

प्रतिमा उतरविण्यासाठी लिनक्सवरील ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे साधन उत्तम. सामान्य कॉपी एका अवघड जागी अडकली की तेथेच डोके आपटत राहते. हे साधन प्रथम सहज वाचता येणारा भाग उचलून घेते, अवघड जागा सोडून पुढे जाते आणि शेवटी त्यांच्याकडे परत वळते. कोणता भाग झाला व कोणता राहिला याची टिपण-फाईल ते ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तेथूनच पुढे चालू करता येते. आमच्या जिल्ह्यात या गुणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी दुसरी डिस्क लागते, आणि वेळ कित्येक तासांपासून कित्येक दिवसांपर्यंत. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हा क्रम आज्ञा देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचवून घ्यावा. तो उलटला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

प्रतिमा हाती आली की ‘टेस्टडिस्क’ने हरवलेले विभाजन व अनुक्रमणिका शोधावी. तेथे यश न आल्यास त्याचेच भावंड असलेले ‘फोटोरेक’ चालवावे. दोन्ही विनामूल्य आहेत. फोटोरेक अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलच्या आरंभी ठराविक खूण असते, जेपीईजीची वेगळी, पीडीएफची वेगळी. त्या खुणेवरून ते तुकडे ओळखून बाहेर काढते. मुनीमाने चिठ्ठ्या हरवलेल्या वखारीत जाऊन रूप, गंध, रस यांवरून द्रव्ये ओळखावीत तसे. चिठ्ठ्या अर्थातच परत मिळत नाहीत. हजारो छायाचित्रे मिळतील, पण कोणते कोणाचे हे आपणांसच लावावे लागेल. छायाचित्रातील दिनांकाची अंतर्गत नोंद आणि बाह्यरुग्ण विभागाची कागदी नोंदवही समोरासमोर ठेवली की हे काम बरेच सुकर होते. कागदी वही टाकून देण्याची घाई करू नये, ती यासाठीच.

एकेका फाईलच्या किरकोळ उपचारांचीही माहिती असावी. नव्या वर्डची ‘डॉक्स’ फाईल ही वस्तुतः ‘झिप’ पेटी असते. वर्डच्या ‘ओपन अँड रिपेअर’ने ती उघडली नाही तर तिच्या प्रतीचा प्रत्यय ‘झिप’ करून आतील मजकुराची फाईल बाहेर काढता येते. मांडणी जाते, शब्द राहतात. एमपी-३ ध्वनिफीत लहान लहान स्वतंत्र तुकड्यांची असल्याने मधला भाग गेला तरी उरलेली ऐकू येते. एमपी-४ चित्रफितीचे तसे नाही. तिची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, म्हणून मुद्रण मध्येच तुटले तर सर्व चित्र असूनही काही दिसत नाही. त्याच कॅमेऱ्याची दुसरी निरोगी चित्रफीत नमुन्यादाखल देऊन ‘अनट्रंक’ हे साधन ती कित्येकदा जुळवून देते.

आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ वैद्यांनी अनेक वर्षे सायंकाळी अष्टांगहृदयाचे पाठ दिले. शिष्यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण करून एका डिस्कवर साठविले. गुरुजी गेल्यानंतर ती डिस्क जोडली तेव्हा वर सांगितलेली ‘फॉरमॅट’ची चौकट आली. शिष्याने बटण दाबले नाही, शहाणपणाने ती दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी ‘डिस्क चांगली झाली’ म्हणून परत दिली. चांगली झाली होती खरी, पण रिकामी. झटपट म्हणजे ‘क्विक’ फॉरमॅट केवळ अनुक्रमणिका नव्याने लिहिते, त्यातून फाईल परत मिळण्याची आशा असते. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट मात्र साऱ्या डिस्कवर शून्ये लिहिते. त्या दुकानात पूर्ण फॉरमॅट झाला होता. आम्ही फोटोरेक चालवून पाहिले, एकही खूण मिळाली नाही. सूत्रस्थानातील चार पाठ एका विद्यार्थिनीच्या जुन्या मोबाईलमध्ये होते, तेवढेच आज आहेत. दुकानात डिस्क देताना ‘डिस्क नको, आतील माहिती हवी, फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. तसेच त्या डिस्कवर रुग्णांची नावे, व्याधी व उघड्या अंगाची छायाचित्रे असतात हेही विसरू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी रुग्णाचे गुपित कोणाच्या हाती देतो आहोत हे पाहणे हा वैद्याचा जुनाच धर्म आहे.

खंडणीखोर व्हायरसविषयी थोडक्यात. फाईलींच्या नावांना अनोळखी प्रत्यय लागला आणि सोबत पैशाची मागणी करणारी चिठ्ठी आली, तर फाईल बिघडलेली नसून कुलूपबंद झालेली असते. सतत जोडून ठेवलेली बॅकअप डिस्कही संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा तशाच सोंगाचा, प्रत्यक्षात विध्वंसक व्हायरस पसरला, तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक बंद पडले व आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या धक्क्याचे कामही ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे जगभरातील सर्व संगणक पुसले गेले, वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. भारनियमनाचे असे उपकार विदर्भात क्वचितच ऐकावयास मिळतात! काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

निदानपरिवर्जनाचा विचार करता काही गोष्टी आमच्या जिल्ह्यास विशेष लागू पडतात. बॅकअप शक्यतो लॅपटॉपवरून घ्यावा. त्यास स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी लेखन तुटत नाही. टेबलावरील संगणक असेल तर यूपीएस हवाच. फाईल पद्धत एनटीएफएस असावी. एक्सफॅटमध्ये लेखनाची रोजकीर्द नसते, त्यामुळे मध्येच केबल निघाली तर अनुक्रमणिका विस्कटण्याचा धोका अधिक. एनटीएफएसमधील रोजकीर्दही अनुक्रमणिकेपुरतीच असते, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याविना डिस्क काढू नयेच. वैशाखात पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी तासन् तास कॉपी चालवू नये, पहाटे चालवावी. न फिरणारी एसएसडी पडण्याने सहसा बिघडत नाही हे खरे, परंतु विजेवाचून वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यास ती योग्य नाही, आणि तिच्यावरून पुसले गेलेले परत मिळणे हार्डडिस्कपेक्षा पुष्कळ कठीण.

आणखी एक सूक्ष्म हेतू आहे, तो बहुधा दुर्लक्षित राहतो. मूळ फाईल बिघडलेली असताना आपण तीच नित्यनेमाने बॅकअपवर चढवत राहतो, आणि चांगली जुनी प्रत स्वहस्ते पुसतो. म्हणून जुनी प्रत लगेच पुसू नये, महिन्याच्या नावाचे वेगळे फोल्डर करावे. शिवाय विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा कोणत्याही फाईलचा ६४ चिन्हांचा ‘शा-२५६’ ठसा काढून देते. फाईलमधील एक बिंदू बदलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. महत्त्वाच्या फाईलींचे ठसे एकदा काढून त्यांची यादी छापून ठेवावी, सहा महिन्यांनी पुन्हा काढून ताडावी. ज्या डिस्कवर ठसा जुळला नाही तिच्यावरील फाईल दुसऱ्या डिस्कवरून बदलून घ्यावी. दोन डिस्क हव्यात त्या यासाठी, आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून न घेतलेल्या बऱ्या. एक दवाखान्यात, दुसरी घरी, व निवडक फाईलींची तिसरी प्रत इंटरनेटवरील साठवणीत कुलूप लावून, अशी व्यवस्था आम्ही ठेवली आहे. प्रत्येक डिस्कवर खरेदीचा महिना आणि शेवटच्या पडताळणीचा दिनांक चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. पाच वर्षे झालेली डिस्क चालत असली तरी आम्ही ती तिसऱ्या प्रतीच्या कामाला लावतो, एकमेव प्रतीच्या नव्हे. निकामी झालेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी तबकडीस ड्रिलने आरपार भोके पाडून घेतो. शेजारचा सुतार ते काम पाच मिनिटांत करून देतो.